चरित्रकार गोविंद तळवलकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला एखाद्या चरित्राविषयी बोलायला सांगितले. मी चरित्र लिहिणाऱ्याविषयीही थोडे बोलणार आहे.

गोविंद तळवलकर यांचा जन्म 1925 साली डोंबिवलीस झाला. ते आधी ‘लोकसत्ते’त होते. पुढे 1968 पासून 1996 पर्यंत ते ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक होते. इतक्या वर्षांत किती मंत्री आले नि गेले, पण यांचे अग्रलेख चालूच. मात्र वर्तमानपत्रातला मजकूर दुसऱ्या दिवशी शिळा होतो. आपल्या सूरजागडचेच पाहा ना! डिसेंबर 2016 मध्ये खाणीवरची वाहने जाळली, तेव्हा गावाचे नाव मुंबईपर्यंत छापून आले. आठ दिवसांनी कोण विचारतो?

चरित्राचे तसे नसते. तळवलकरांनी टिळकांवर लिहिले, यशवंतराव चव्हाणांवर लिहिले. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत राहिले, आणि 2017 साली तिकडेच वारले. पण लेखणी खाली ठेवली नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे त्यांचे इंग्रजी चरित्र 2006 साली निघाले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती! मराठीत त्यांचे ‘नेक नामदार गोखले’ आहे.

गोखल्यांना लोक मवाळ म्हणून हिणवीत. त्यांच्या आयुष्यात ना फाशी, ना काळे पाणी. अशा माणसाचे चरित्र कोण वाचणार, असे वाटते. पण 1902 साली सरकारी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी मिठावरचा कर कमी करा म्हणून आकडेवार भांडण मांडले. भगिनींनो, मोह, चारोळी, बांबूचे वास्ते आपल्याला जंगल देते. मीठ मात्र विकतच आणावे लागते. त्याची किंमत बाईला कळते. तो कर मणामागे अडीच रुपये होता. 1903 पासून टप्प्याटप्प्याने उतरत 1907 साली तो एक रुपयावर आला. आरडाओरडा न करता झालेले हे काम मला फार मोठे वाटते.

दुसरे काम फसले. 1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात आधी मुलगे होते, मुली मागाहून. (मागाहून म्हणजे केव्हा, ते आपल्याला विचारा!) 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. 1915 साली गोखले गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. देशपातळीवरचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2010 साली अमलात आला. तोवर माझी सातवी होऊन, शाळा सुटून, संसारही जुना झाला होता. म्हणून ते 38 आणि 13 हे आकडे माझ्या ध्यानातून जात नाहीत.

मंडळाने हे पुस्तक मागवावे अशी माझी सूचना आहे. वाचनाच्या दिवशी आधी मिठाची हकीगत घेऊ. ज्यांना मराठी जड जाते त्यांना आपल्यापैकी कोणीतरी माडियातून सांगावी.