स्टीफन्सनचा दिवा
(हाटकेश, मिरा-भाईंदर येथील कामगारांपुढे दिलेले व्याख्यान)



विलायतेतील यंत्रे पंडितांच्या डोक्यातून निघाली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. तो खोटा आहे. सूत कातण्याचे ‘जेनी’ यंत्र काढणारा हारग्रीव्ह्ज हा हातमागावरचा विणकर. १७६९ साली सूतयंत्राचे पेटंट घेऊन गिरण्या उभारणारा आर्कराइट हा न्हावी. (दुसऱ्यांच्या कल्पना उचलल्याच्या वादात त्याची पेटंटे पुढे रद्द झाली, हेही सांगितले पाहिजे.) पण आज मला बोलावयाचे आहे ते जॉर्ज स्टीफन्सनविषयी.

बाप खाणीवरच्या इंजिनात कोळसा टाकणारा. पोरगा अठरा वर्षांचा होईतो निरक्षर. मग मजुरीतले पैसे भरून तो रात्रीच्या शाळेत गेला. त्या काळी दिव्याच्या ज्योतीने खाणीतला वायू पेटून माणसे भाजून मरत. १८१५ साली स्टीफन्सनने वायू न पेटविणारा दिवा केला आणि जीव धोक्यात घालून स्वतःच खाणीत नेऊन पाहिला. त्याच सुमारास सर हंफ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञानेही तसा दिवा काढला. डेव्हीला दोन हजार पौंडांचे बक्षीस आणि स्टीफन्सनवर चोरीचा आळ! कारण काय, तर असल्या अडाण्याला हे सुचेलच कसे? हा सवाल आपल्या कानांना नवा नाही. अखेर न्यूकॅसलकडील लोकांनी पुरावे तपासले, त्याला निर्दोष ठरविले आणि एक हजार पौंड जमवून दिले.

नुसत्या हुन्नरावर भागत नाही, हे त्याने ओळखले होते. मुलाला, रॉबर्टला, त्याने चांगल्या शाळेत घातले आणि मुलाच्या पुस्तकांवर बापही शिकला. बापलेकांच्या कारखान्यातून १८२९ साली ‘रॉकेट’ इंजिन निघाले. या रॉबर्टच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कले इकडे मुख्य इंजिनिअर होऊन आला, आणि १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. बर्कलेचे नाव इतिहासात आहे. त्या रुळांखाली ज्यांनी माती टाकली, त्यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत?

म्हणून एवढेच सांगतो. लेथवर वा साच्यावर काही नवी युक्ती सुचली, तर ती चारचौघांत दाखविण्याआधी तारीख घालून वहीत लिहा, भरवशाच्या सोबत्याची सही घ्या. पेटंट मालकाच्या नावे निघाले, तरी १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शोधक म्हणून आपले नाव घालण्याची मागणी करता येते. मात्र ती पेटंट मंजूर होण्यापूर्वी करावी लागते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे.