पावसाळ्यात मुक्या जनावरांची करमणूक



आषाढात आपल्या शहापूर-मुरबाडकडे झड लागली की चार-चार दिवस उघडीप नसते. आपण घरात गप्पा मारतो. पण पडवीत बांधलेल्या कुत्र्याने काय करावे? बसून बसून तो चिडतो, आणि एखादे दिवशी पोरावर धावतो. मग त्याला काठी मिळते.

त्याला काठी नको, काम हवे. भाकरीचे तुकडे जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवा आणि त्याला शोधू द्या. दहा-पंधरा मिनिटे हुंगत शोधले की तो दमून स्वस्थ निजतो. मांजरीपुढे सुतळीला बांधलेली चिंधी उंदरासारखी फरफटत न्या, आणि शेवटी ती तिला पकडू द्या. खेळ संपल्यावर सुतळी उचलून ठेवा. मांजरीने गिळली तर आतड्यात अडकते.

खेळताना दात किंवा नख लागलेच, तर हळद-चुना लावू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला की बहुधा जीव वाचत नाही. कुत्र्यामांजरांनाही दरवर्षी लस टोचून घ्या.