खाणीतली निळी फुलपाखरं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय सुचवला होता. तो मी बाजूला ठेवला आहे. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला बोलायचं आहे ते शाळेमागच्या टेकडीवरच्या दगडखाणीबद्दल. तिचा दगड संपलेला भाग भरून तिथं शाळेच्या नावानं बाग करायची, असा ठराव आज आपल्यासमोर आहे. हात वर करण्याआधी माझी पंधरा मिनिटं ऐका.

तुमच्यापैकी ज्यांनी घर बांधलं, त्यांनी सिमेंटच्या पोत्यावर ‘ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट’ असं वाचलं असेल. १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन नावाच्या एका इंग्लिश गवंड्यानं या सिमेंटचं पेटंट घेतलं आणि ते घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून त्याला ते नाव दिलं. पोर्टलंड हे इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट परगण्यातलं जेमतेम सहा किलोमीटर लांबीचं बेट. गोट्यांच्या एका लांबलचक बांधानं ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे. तिथला चुनखडीचा पांढरा दगड जगप्रसिद्ध. १६६६ च्या आगीत लंडन जळाल्यावर सेंट पॉलचं कॅथीड्रल पुन्हा बांधलं, ते याच दगडात. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या असंख्य थडग्यांवरचे दगडही इथलेच.

नोकरीनिमित्त दोन वर्षं मी त्या भागात होते. एका जुलैमध्ये तिथं गेले ती दगड बघायला. आपल्या गावचीच खोड, दुसरं काय. बेटावर पेरीफील्ड नावाची एक खाण आहे. खाण चालू आहे, दगड निघतो, अवजड गाड्या ये-जा करतात. आणि तिचाच एक भाग फुलपाखरांसाठी राखलेला आहे. ‘बटरफ्लाय कॉन्झर्वेशन’ ही १९६८ साली स्थापन झालेली संस्था तो सांभाळते. जवळच ब्रॉडक्रॉफ्ट नावाच्या खाणीतही त्यांची अशीच जागा आहे.

मला आधी वाटलं, कंपनीनं नाव राखायला चार ताटवे लावले असतील. तसं नव्हतं. ताटवा एकही नव्हता. पांढरी खडी, तुटके दगड, मधूनमधून उघडी जमीन, आणि त्यातून घोट्याएवढी पिवळी रानफुलं. आपल्याकडे अशा जागेला आपण पडीक म्हणतो आणि कचऱ्याची गाडी तिकडे वळवतो.

त्या पडीकपणातच सगळं आहे. चांगला दगड खाली असतो. त्याच्यावरचा निकामी थर काढून बाजूला टाकावा लागतो. त्या ढिगाऱ्यात माती नावालाच, पाणी ठरत नाही, खत तर नाहीच. अशा जागी जोमदार गवत वाढू शकत नाही. म्हणून ज्यांना गवत एरवी गुदमरवून टाकतं, ती बारीक रानफुलं तिथं टिकतात. त्यांपैकी एक किडनी व्हेच. ‘स्मॉल ब्लू’ हे ब्रिटनमधलं सर्वांत लहान फुलपाखरू, अंगठ्याच्या नखाहून थोडंसं मोठं. त्याच्या अळ्या फक्त या एकाच झाडाची फुलं आणि कोवळं बी खातात. झाडाचं बी रुजायला उघडी जमीन लागते. जमीन गवतानं भरली की झाड गेलं, आणि झाडामागोमाग फुलपाखरू.

दुसरं ‘सिल्व्हर-स्टडेड ब्लू’. याची गोष्ट मी घरी मुलांना इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता कानावर हात ठेवतात. तुम्ही ऐकून घ्या. मादी अंडी घालते ती काळ्या मुंग्यांच्या वावराजवळ. अळी अंगातून गोड रस सोडते, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीची राखण करतात. कोष मुंग्यांच्या वारुळात किंवा शेजारीच असतो. पंख फुटून फुलपाखरू बाहेर येतं, तेव्हाही मुंग्या भोवती असतात. आता या मुंग्यांना उन्हानं तापणारी, मोकळी जमीन हवी. शिवाय हे फुलपाखरू फार लांब उडत नाही, जन्मल्या जागेच्या आसपासच त्याचं आयुष्य जातं. एक तुकडा नष्ट झाला तर ते दूरच्या दुसऱ्या तुकड्यावर सहज जाऊन राहील, ही आशा धरता येत नाही.

म्हणजे खाण त्यांना जागा देते आणि खाणच ती घेऊही शकते. सगळं खोदलं तर वसाहत संपली. खोदणं पूर्ण थांबवून नुसतं सोडून दिलं, तरी झुडपं माजून काही वर्षांत संपली. तिथं कोटोनीॲस्टर नावाच्या झुडपाचा उपद्रव आहे; चीन आणि हिमालयाच्या बाजूनं बागांसाठी नेलेलं, आता कड्याकपारीत घुसलेलं. ते कापत राहावं लागतं. फुलपाखरांचं राखीव क्षेत्र म्हटल्यावर हातात कुऱ्हाड घेतलेली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली नसती.

गवत आखूड ठेवायला आणखी एक मदतनीस आहे: ससा. पण पोर्टलंडवर हा शब्द उच्चारत नाहीत! सशांच्या बिळांमुळे खाणीत दरडी कोसळतात, असं जुने खाणकामगार मानत; म्हणून नाव घेणंच अशुभ. आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात, तसंच. २००५ साली सशांवरचा एक विनोदी सिनेमा आला, तेव्हा या बेटावरच्या जाहिरातीतून तो शब्द गाळला होता.

आता आपल्या टेकडीकडे येते. आपल्या वर्गातले दोघे आजही क्रशरच्या धंद्यात आहेत. काहींच्या आई-वडिलांनी त्याच खाणीत खडी फोडून त्यांना आपल्या बाकांवर बसवलं. त्यामुळे ‘खाण बंद करा’ म्हणायला मी उभी नाही. पोर्टलंडची नक्कल करा असंही म्हणत नाही. तो चुनखडीचा दगड, आपला लाव्हाचा काळा बसाल्ट; तिथली झाडं वेगळी, आपली वेगळी.

माझी हरकत एवढीच आहे, की त्या खड्ड्यात काय जगतंय हे न बघता आपण त्यावर शंभर ट्रक तलावाचा गाळ टाकायला निघालो आहोत. त्यावर लॉन, शोभेची झाडं आणि देणगीदारांच्या नावाचा फलक. कासच्या पठारावर फुलं का येतात? खाली खडक आणि वर बोटभर माती, म्हणून. तिथं कोणी काळी माती पसरायला निघालं तर आपणच आडवे होऊ. माझ्या कामात जुन्या प्रणालीचा एखादा भाग काढायचा झाला, तर त्यावर आणखी काय काय अवलंबून आहे हे आधी शोधतात. ते शोधायला लागणारे चार दिवस कुणी वाया गेले म्हणत नाही.

ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. बाग करायचीच तर वरच्या कडेला, रस्त्यालगत, अशी झाडं लावा, आनंदानं देणगी देते. पण खालचा जुना चर, निम्मा तरी, जसा आहे तसा ठेवा. दोन पावसाळे शाळेतली मुलं तिथली फुलं, मुंग्या, पाखरं यांची नोंद करतील. जीवशास्त्राच्या बाईंनी निवृत्तीनंतरही मदत करायचं कबूल केलं आहे. नोंदी ठेवायचं साधं ॲप मी करून देते, त्याचे पैसे नकोत. दोन वर्षांनी तिथं काहीच विशेष नाही असं दिसलं, तर मी स्वतः पहिला ट्रक आणवते.

क्रशरवाल्या आपल्या मित्राशी काल रात्री बोलले. चरातला मुरूम काढायचा विचार तो दोन वर्षं पुढं ढकलायला तयार आहे. त्याचं म्हणणं, ‘तुम्ही बोलवाल तर मी पण येतो बघायला.’ ठराव संध्याकाळी मांडला जाईल. त्याआधी, दुपारी तीन वाजता, मी चराकडे जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी चला. चपला नकोत, बूट घाला. दिवाळीनंतर तिथं कुसळं फार असतात.