भाव एक, बिल दुसरं

(युवा शिबिरातील भाषण)



विषय ऐकून काही जणांना हसू आलं, ते मी पाहिलं. अमेरिकेत राडारोड्याचा डबा भाड्याने घेताना कोटेशन कसं तपासायचं, हा काय शिबिरात बोलायचा विषय झाला? पण मी तो मुद्दाम घेतला आहे. एक तर आपल्यातली बरीच मुलं-मुली शिकायला आणि नोकरीला तिकडे जातात, पुढे घर घेतात. घर म्हटलं की दुरुस्ती आली, तोडफोड आली. दुसरं म्हणजे एका किमतीच्या मागे किती किमती दडलेल्या असतात, हे या व्यवहारात फार स्वच्छ दिसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, काही वर्षं तिकडे राहिले आहे, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. आपल्याकडे घराचं काम काढलं की टेम्पोवाला येतो आणि फेरीच्या हिशेबाने राडारोडा उचलतो. तिकडे कंपनीचा ट्रक एक मोठा, वरून उघडा लोखंडी डबा तुमच्या दारात ठेवून जातो. त्याला डम्पस्टर म्हणतात. ठरलेल्या दिवसांत तुम्ही तो भरायचा, मग ट्रक येऊन घेऊन जातो आणि कचरा केंद्राच्या काट्यावर वजन होतं. डबा यार्डावर मोजतात, म्हणजे घनयार्डावर. एका घनयार्डात २७ घनफूट. घरकामाला साधारण १०, २० किंवा ३० यार्डाचे डबे वापरतात. आपल्या ब्रासच्या हिशेबात बोलायचं तर १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २० यार्डाचा डबा झाला ५.४ ब्रासचा.

आता गंमत इथेच सुरू होते. डबा विकला जातो आकारावर, पण कंपनीला कचरा केंद्रात पैसे बहुतेक ठिकाणी वजनावर भरावे लागतात. म्हणून भाड्यात ठरावीक टन धरलेले असतात आणि त्यावरच्या प्रत्येक टनाला वेगळा दर असतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो आकार आणि भाडं. टन असतात खाली, बारीक अक्षरात.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत. पहिली कंपनी म्हणते, २० यार्डाचा डबा ३९५ डॉलर. दुसरी म्हणते, ५४० डॉलर. कुणाकडे जाल? हात वर करा. बघा, सगळे पहिलीकडे.

आता खालची अक्षरं वाचू. पहिलीच्या भाड्यात २ टन आणि ७ दिवस. डबा आणण्या-नेण्याचे ६० डॉलर वेगळे. इंधन आणि पर्यावरण आकार म्हणून ४५ डॉलर वेगळे. जादा टनाला ९५, जादा दिवसाला १५ डॉलर. दुसरीच्या भाड्यात ३ टन, १० दिवस, आणणं-नेणं, सगळं आलं. जादा टनाला ७५.

समजा तुमचा माल ३ टन भरला आणि काम १० दिवस चाललं. पहिलीचं बिल: ३९५ अधिक ६०, अधिक ४५, अधिक एका टनाचे ९५, अधिक तीन दिवसांचे ४५. झाले ६४० डॉलर. दुसरीचं बिल ५४० च. स्वस्त वाटणारी कंपनी १०० डॉलरने महाग पडली. पण समजा माल दीडच टन आहे आणि काम पाच दिवसांत संपलं. मग पहिलीचे होतात ५००, दुसरीचे ५४०. आता पहिली स्वस्त.

म्हणजे स्वस्त कोण, महाग कोण, हे नुसत्या कोटेशनवरून सांगताच येत नाही. आमच्या भाषेत कोटेशन म्हणजे एक फंक्शन. तुमचा माल आणि तुमचे दिवस त्यात घातल्याशिवाय उत्तर बाहेर येत नाही. म्हणून फोन उचलण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: माल कोणता, आणि काम किती दिवसांचं. जुनं फर्निचर जागा खातं, पण हलकं असतं. काँक्रीट, विटा, माती, छपराची जुनी कौलं यांचं उलट. अखंड काँक्रीटचं एक घनयार्ड जवळपास २ टन भरतं. म्हणून असा माल बहुधा लहान डब्यातच घेतात आणि त्याचा दरही वेगळा असतो.

मग प्रत्येक कंपनीला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा.

पहिला: किती टन धरले आहेत आणि जादा टनाचा दर काय? अर्धा टन जास्त झाला तर अर्ध्याचेच पैसे घेणार की पूर्ण टनाचे? काट्याची पावती मिळेल का?

दुसरा: दिवस कसे मोजता? डबा ठेवला तो दिवस धरता का, रविवार धरता का?

तिसरा: भाड्याशिवाय प्रत्येकाला भरावेच लागतात असे कोणते आकार आहेत? ते सगळे धरून आकडा सांगा.

चौथा: काय टाकायचं नाही? रंग, रसायनं, बॅटऱ्या बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. गादी, टायर, फ्रिज यांचे अनेकदा नगाप्रमाणे पैसे लावतात.

पाचवा: फुकट फेरीचे किती? डब्यासमोर गाडी उभी राहिली किंवा माल काठाच्या वर गेला, तर चालक डबा न उचलता परत जाऊ शकतो आणि त्या फेरीचे पैसे तुमच्या नावावर पडतात.

सहावा: डबा रस्त्यावर ठेवायचा असेल तर नगरपालिकेचा परवाना कोण काढणार? आणि अंगणातली फरशी फुटली तर भरपाई कुणाची? करारात बहुधा 'आमची नाही' असं लिहिलेलं असतं. तेव्हा खाली प्लायवूड घालायला आधीच सांगा.

सातवा: डबा आणि ट्रक तुमचाच का? अनेक संकेतस्थळं नुसती दलाल असतात. त्यांची डब्याशी गाठच पडत नाही आणि तक्रार आली की ते ट्रकवाल्याकडे बोट दाखवतात.

ही उत्तरं लेखी घ्या, ईमेलवर घ्या. कारण तुमच्या कार्डाचा नंबर त्यांच्याकडे असतो आणि जादा पैसे डबा गेल्यानंतर कापले जातात. डबा ठेवताना आणि उचलताना फोटो काढा. रात्री ताडपत्री टाका. पावसात भिजलेला माल जड होतो आणि पाण्याच्या वजनाचेही पैसे लागतात. शिवाय उघडा डबा दिसला की शेजारीपाजारी आपलंही सामान त्यात टाकून जातात.

कायदा काय करतो? कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतल्या किमतीतच सक्तीचे आकार धरावे लागतात, सरकारी कर तेवढे वेगळे. देशपातळीवरचा तसा नियम १२ मे २०२५ ला लागू झाला, पण तो कार्यक्रमांची तिकिटं आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामापुरता आहे. डब्याला तो लागू नाही. आणि जादा टन तर तुमच्या मालावर ठरतो, म्हणून तो सक्तीच्या आकारात सहसा येतच नाही. तिथे तुमचा प्रश्न हाच तुमचा कायदा.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्या नोंदवल्या आहेत. आधी किंमत कमी दाखवायची आणि पैसे भरताना थेंबथेंब वाढवत न्यायची, ही त्यातलीच एक. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये आत्ता नोंदवून ठेवा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. मघाशी तुम्ही सगळ्यांनी ३९५ ला हात वर केलात. त्या क्षणी ५४० वाल्याचं काय झालं? त्याने सगळं आधीच सांगितलं होतं, आणि त्याचंच काम गेलं. असं चार वेळा झालं की तोही पाचव्यांदा ३९५ लिहायला लागतो. लपवणारे बाजारात वाढतात त्याला आपली पहिला आकडा बघण्याची सवयही कारण आहे.

आपल्याला वाटतं, इतकं विचारलं तर समोरचा म्हणेल, काय चिकट माणसं आहेत. ओळखीचा असेल तर भीड आणखी मोठी. 'आपलाच माणूस आहे, लेखी काय मागायचं?' पण ज्याला लपवायचं नाही त्याला प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याचा भाव का जास्त आहे, हे सांगायची संधी त्याला तुमच्या प्रश्नामुळेच मिळते. मग मंडपवाला असो, रंगारी असो, कोचिंग क्लास असो की परदेशी शिक्षणाचा एजंट असो, शेवटी हातात किती बिल पडेल ते आधी विचारा, लेखी घ्या, आणि ज्याने खरं सांगितलं त्याला काम द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.