हायवेवर बाग, पोडियमवर बाग, आणि जमिनीवर?

(नौपाड्यात झालेल्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आपांनी एक व्हिडिओ टाकला होता. अमेरिकेतल्या डलास शहरातला. खालून आठ-दहा पदरी हायवे जातोय आणि वर मुलं हिरवळीवर लोळतायत. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘आपल्या तीन हात नाक्यावर हे का होऊ नये?’ त्यावर बावीस अंगठे आले आणि एकानेही उत्तर दिलं नाही. मग संयोजकांनी मला सांगितलं की तू इंजिनिअर आहेस, तू बोल. माझी पदवी संगणकाची आहे, पुलांची नाही. पण पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं आणि गुणाकार तर सगळ्यांनाच येतो. तेवढ्यावर जे सांगता येतं ते सांगतो.

आधी डलास. त्या बागेचं नाव क्लाइड वॉरन पार्क. २०१२ साली उघडली, सव्वापाच एकरांच्या आसपास आहे. तिथला हायवे जमिनीच्या खाली, खंदकात आहे. म्हणून वर झाकण टाकलं की झाकण आपोआप दोन्ही बाजूंच्या रस्त्यांच्या पातळीला येतं. आई बाबागाडी ढकलत सरळ आत जाते, जिना नाही, लिफ्ट नाही.

बाग झाली आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढले. मग टॉवर आले. बागेच्याच सुमारास उभ्या राहिलेल्या ४२ मजली म्युझियम टॉवरच्या काचांवरून परावर्तित झालेलं ऊन शेजारच्या नॅशर शिल्पसंग्रहालयाच्या बागेवर पडायला लागलं आणि तिथली झाडं करपली, त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. बागेशेजारी म्हणून विकलेला टॉवर शेजारच्या बागेला भाजतो, हे मला आपल्याकडच्या जाहिराती वाचताना नेहमी आठवतं.

आणि त्या व्हिडिओत नसलेली एक गोष्ट. त्याच भागात, बागेपासून फार लांब नाही, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेली वस्ती होती. १९४० च्या दशकात तिच्यातून सेंट्रल एक्स्प्रेसवे काढला. वस्ती चिरली गेलीच, पण त्यांच्या कब्रस्तानाचा भागही रस्त्याखाली गेला. १९९० च्या सुमारास रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा तिथून अकराशेहून अधिक दफनं काढून दुसरीकडे न्यावी लागली. हायवेवर बाग टाकणं म्हणजे पुष्कळदा आधी केलेल्या जखमेवर घातलेला टाका असतो, आणि टाका घालेपर्यंत ज्यांना जखम झाली ते तिथे राहिलेले नसतात.

आता आपला नाका. पूर्व द्रुतगती महामार्ग सायनहून येतो आणि तीन हात नाक्यावर खंदकात जात नाही, उलट उड्डाणपुलावर चढतो. म्हणजे झाकण टाकायचं तर ते उड्डाणपुलाच्याही वर टाकावं लागेल. ट्रक खालून जायला साडेपाच मीटर उंची सोडा, त्यावर गर्डर, त्यावर माती. बाग कुठल्या मजल्यावर आली ते तुम्हीच मोजा. बरं, माती हलकी नसते. झाडाला किमान मीटरभर माती लागते आणि पावसाळ्यात भिजलेली एक घनमीटर माती पावणेदोन-दोन टन भरते. घराच्या फरशीवर माणसं आणि सामानासाठी प्रत्येक चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. म्हणजे बागेचा स्लॅब घराच्या दहापट ओझ्याचा. अशक्य नाही. स्टेशनसमोरचा सॅटिस बसगाड्या डोक्यावर घेऊन उभा आहेच. पण तो बसगाड्यांसाठी होता, म्हणून झाला.

शिवाय ती हवा आधीच दिली गेली आहे. मेट्रो ४, वडाळा ते कासारवडवली, तीन हात नाक्यावरूनच जाते. ५ ऑक्टोबर २०२४ ला ठाण्यात पंतप्रधानांच्या हस्ते छेडानगर ते आनंदनगर या उन्नत मार्गाची पायाभरणी झाली, खर्च सुमारे ३,३१० कोटी. पुढे आनंदनगर ते साकेत उन्नत रस्त्याचीही योजना आहे. डलासने हायवेवर बाग टाकली, आपण हायवेवर हायवे टाकतो आहोत. आपांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. पैसा आहे, तंत्र आहे, पण वरच्या मजल्याचं बुकिंग झालंय.

खालचा मजला मात्र अजून आपल्या हातात आहे. माटुंग्याला डॉ. आंबेडकर रोडवर तुळपुळे उड्डाणपुलाखाली २०१६ साली नानालाल मेहता उद्यान सुरू झालं. सुमारे ६०० मीटर लांब, मधून नर्मदेच्या वळणासारखी पायवाट. तिथल्या रहिवाशांनीच ते लावून धरलं होतं, कारण पुलाखालची जागा मोकळी सोडली तर तिथे आधी गाड्या येतात आणि मग बाकी सगळं येतं. ऊन कमी, म्हणून सावलीतली झाडं. धूर आहेच. मी त्याला आदर्श बाग म्हणणार नाही. पण संध्याकाळी तिथे आजोबा चालतात आणि मुलं अभ्यास करतात, आणि ती कुणाच्या सोसायटीची नाही.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे बोलायला तयार झालो त्या गोष्टीकडे येतो. नौपाड्यातली बाग हायवेवर हरवत नाही, ती गल्लीत हरवते.

इथे सध्या दर दुसऱ्या इमारतीला हिरवा पडदा लागलाय. चाळीस-पन्नास वर्षांच्या तीन मजली इमारती जाऊन टॉवर येतायत. याला मी विरोध करणार नाही आणि तुम्हीही करू नका. ४ ऑगस्ट २०१५ च्या मध्यरात्रीनंतर इथल्याच बी केबिनजवळची कृष्णा निवास कोसळली, झोपेतली बारा माणसं गेली. जुनी घरं पाडून नवी बांधलीच पाहिजेत. प्रश्न कशी, एवढाच.

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून ठाण्याला लागू आहे. तिच्यात नियम असा की भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर त्यातली १० टक्के जागा मोकळी, खेळायला ठेवायची. लहान भूखंडाला ही अट नाही. नियम वाईट नाही, लहान प्लॉटवर १० टक्के म्हणजे दोन स्कूटर उभ्या राहतील एवढी पट्टी. पण नौपाड्याचे भूखंड जवळजवळ सगळेच लहान आहेत. आता एक कल्पित गल्ली घ्या. पंधरा इमारती, प्रत्येकीचा प्लॉट ८०० चौरस मीटर. एकूण १२,०००. पंधराही जणांनी एकत्र पुनर्विकास केला तर १,२०० चौरस मीटर मैदान कायद्यानेच सोडावं लागेल. पंधरा जणांनी पंधरा बिल्डर गाठले तर शून्य. तीच जमीन, तीच माणसं, तोच नियम.

प्रोग्रामिंगमध्ये आम्ही याला एज केस म्हणतो, अपवादाची कड. अपवाद हजारात एकदा आला तर ठीक. इथे संपूर्ण वॉर्डच अपवादात बसतो.

गणित थोडं पुढे नेऊ. प्रत्येक टॉवरमध्ये पन्नास कुटुंबं धरली तर गल्लीत तीन हजार माणसं. १,२०० चौरस मीटर मिळालं तरी माणशी ०.४. आपल्या जानमाजच्या साधारण निम्मं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. म्हणजे आपण भांडतोय ते अर्ध्या जानमाजसाठी, आणि तेही आत्ताच्या पद्धतीने मिळत नाही.

बिल्डर म्हणतो, बाग आहे ना, सहाव्या मजल्यावर, पोडियमवर. या पोडियमबद्दल डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईपुरतं स्पष्ट सांगितलं होतं की बंधनकारक मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर द्यायची ती त्याच्या वर जादा द्या. तो निकाल मुंबईच्या १९९१ च्या नियमांवर होता, इथे आपोआप लागू होत नाही. पण त्यातलं तर्कशास्त्र कुठेही लागू होतं. पोडियमवर वडाचं झाड लागत नाही, पाणी जमिनीत मुरत नाही आणि आग लागली तर तिथे जमता येत नाही.

आणि पोडियमला वॉचमन असतो. हे मी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका नव्या टॉवरमधला फ्लॅट पसंत पडला, टोकन द्यायचं ठरलं, दलालाने आधारकार्डाचा फोटो मागितला. अर्ध्या तासाने फोन, ‘भाई, माझं काही नाही हो, सोसायटीची अडचण आहे.’ इथे बसलेल्या किती जणांना हे वाक्य पाठ आहे, ते हात वर न करताही दिसतंय. घर शेवटी मिळालं, याच परिसरात, एका जुन्या इमारतीत, आणि मालक काकूंनी पहिल्याच दिवशी साबुदाणा खिचडी पाठवली. तर दोन्ही ठाणी मी पाहिली आहेत. माझा मुद्दा इतकाच की मोकळी जागा सोसायटीच्या आत गेली की तिथे कोण खेळणार हेही सोसायटीच ठरवते. उद्या माझ्या मुलीला नौपाड्यातल्या मैत्रिणीशी लंगडी खेळायची असेल तर ती फाटकाबाहेरच्याच जमिनीवर खेळेल. ती जमीन राहिली तर.

हायवेच्या पलीकडे काय चाललंय तेही बघा. ठाण्याच्या क्लस्टर योजनेच्या पहिल्या टप्प्यात सहा भाग निवडले होते: कोपरी, राबोडी, हाजुरी, टेकडी बंगला, किसननगर, लोकमान्यनगर. यातल्या राबोडीत आणि हाजुरीत आपले किती नातेवाईक आहेत ते सांगायला नको. किसननगरचं भूमिपूजन जून २०२३ मध्ये झालं. क्लस्टरला ४ एफएसआय मिळतो. लोक घाबरतात. टॉवरचा मेंटेनन्स कोण भरणार? खाली शिलाईचं मशीन आणि बेकरी होती ती कुठे जाणार? या शंका खऱ्या आहेत, मी त्या पुसत नाही. पण ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याला लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं मेली, हेही खरं. वर मजले चढत होते आणि खाली भाडेकरू राहत होते. स्वस्त घर फक्त तसंच मिळत होतं म्हणून.

क्लस्टरचा एक फायदा मात्र नौपाड्याकडे नाही. तिथे अख्खा मोहल्ला एका नकाशावर येतो, अपवादाची कड उरत नाही. म्हणून तिथे मैदान जमिनीवर मागता येतं, रस्त्याला लागून, फाटकाशिवाय. नकाशा पक्का व्हायच्या आधी मागितलं तर. सदनिकेचं क्षेत्रफळ किती याबद्दल प्रत्येक बैठकीत तासभर बोललं जातं, मैदानाबद्दल मी अजून एकही प्रश्न ऐकलेला नाही. चाळीस चौरस फूट वाढवून मिळाले म्हणून आपण खूश होतो आणि मुलं जिन्यात खेळतात.

नौपाड्यात काय करता येईल? शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी एकत्र अर्ज केला तर ४,००० ची रेषा गाठता येते. अवघड आहे, मला ठाऊक आहे, दोन सोसायट्यांचं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही. दुसरं, महापालिकेने अशा गल्ल्यांसाठी नियमात बदल सुचवावा: मैदान सोडता येत नसेल तर त्याच प्रभागात जागेसाठी पैसे भरा. विकास आराखड्यातल्या बदलासाठी एमआरटीपी कायद्याचं कलम ३७ आहे, त्यात सूचना-हरकतींना एक महिना मिळतो. तो महिना बहुतेक वेळा आपल्याला संपल्यावर कळतो. तिसरं, तीन हात नाक्याच्या पुलाखालची जागा. तिथून हाजुरीची माणसं रोज चालत नौपाड्यात येतात, चार सिग्नल आणि रिक्षांची रांग चुकवत. तिथे बाग जमली नाही तरी सलग फूटपाथ, दिवे आणि बसायला चार बाक मागता येतात. त्यासाठी ३,३१० कोटी लागत नाहीत.

मी एक साधी तक्ता-फाइल बनवली आहे. गल्लीचं नाव, प्लॉटचं क्षेत्रफळ, इमारतीचं वय, पुनर्विकास कुठवर आलाय. आत्तापर्यंत एकट्याने अकरा गल्ल्या भरल्यात. येत्या रविवारी सकाळी साडेसातला घंटाळी मैदानापाशी जमू. टेप माझ्याकडे एकच आहे, तीस मीटरची. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणा, आणि राबोडी-हाजुरीतून दोघं-तिघं तरी या.