बारावीनंतरचे जीवशास्त्र : पाच वर्षांचा हिशेब



वैद्यकीय प्रवेश हुकला की जीवशास्त्राचे दारच बंद झाले, असे मानून आपल्या घरांतील मुले वर्षामागून वर्ष पुन्हा त्याच परीक्षेला बसतात. व्यापारात आपण दिवसादिवसाचा हिशेब ठेवतो. मुलांच्या वर्षांचाही ठेवावयास हवा.

१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ३ वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. २ वर्षांची, तर ४ वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर १ वर्षाची असते. बेरीज दोन्हीकडे ५ वर्षेच. तेव्हा 'एक वर्ष वाचते' हा समज बरोबर नाही. चौथ्या वर्षी संशोधनाची संधी मिळते, हा खरा लाभ. मात्र त्यासाठी पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक असतात.

पुण्याच्या 'आयसर' संस्थेत (स्थापना २००६) बारावीनंतर थेट ५ वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम आहे, त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कृषी पदवी ४ वर्षांची असली, तरी पुढील एम.एस्सी. २ वर्षांचीच; तेथे ६ वर्षे धरावीत.

पालकहो, प्रवेशापूर्वी महाविद्यालयात अवश्य विचारावे : 'चौथे वर्ष येथेच आहे काय?' आणि त्याही आधी मुलाला विचारावे, 'तुला काय आवडते?'