साक्षी किती, वाहक किती?

एखादी वार्ता आपल्या कानीं तीन ठिकाणांहून आली कीं आपण ती खरी मानूं लागतों. सकाळीं दूधवाला सांगतो, दुपारीं शेजारीण सांगते, सायंकाळीं कचेरींतून परतलेला भाऊ तेंच सांगतो. "एवढे सगळे म्हणतात, त्या अर्थीं कांहीं तरी असलेंच पाहिजे," असें म्हणून आपणहि ती चौथ्याच्या कानीं घालतों. या तिघांनीं ती कोठून ऐकली, हें मात्र आपण विचारीत नाहीं. वार्ता आणि चालीरीति माणसांच्या ओळखींच्या जाळ्यांतून कशा पसरतात, आणि त्यांवर विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर, याचा आज आपण थोडा विचार करूं.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस पुष्कळांना आठवत असेल. गणपतीची मूर्ति दूध पिते, अशी वार्ता त्या दिवशीं पहाटे दिल्लींत उठली आणि हां हां म्हणतां देशभर झाली. देवळांपुढें रांगा लागल्या. लंडनच्या हिंदु मंदिरांतहि लोक दूध व चमचा घेऊन उभे राहिले. भ्रमणध्वनि आपल्या देशांत येऊन तेव्हां पुरते दोन महिनेहि झाले नव्हते. साधा दूरध्वनि आणि परगांवचे आप्तेष्ट एवढ्या साधनांवर हें घडलें. चमच्यांतील दूध मूर्तीला टेकतांच ओढलें जाऊन पातळ थरानें खालीं ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून दाखविलें. परंतु तोंवर वार्तेची प्रदक्षिणा पुरी झाली होती.

एवढा वेग येतो कोठून? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं याचें मार्मिक उत्तर दिलें. बोस्टनजवळच्या एका शहरांत ओळखीच्या माणसाकडून खबर कळून ज्यांना नोकरी मिळाली, अशांकडे त्यानें चौकशी केली. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून ती खबर मिळालेले लोक शेंकडा १७ च्या आसपासच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित् भेटणाऱ्यांनीं दिली होती. कारण उघड आहे. जिवलगांचा गोतावळा एकच असतो. जें मला ठाऊक, तेंच त्यांना. दूरची ओळख ही दोन गोतावळ्यांना जोडणारा साकव होय. वार्ता एका वस्तींतून दुसऱ्या वस्तींत जाते, ती या साकवावरून.

मात्र वार्ता ऐकणें निराळें आणि वागणूक बदलणें निराळें. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांकडे रायन व ग्रॉस या दोघां अभ्यासकांनीं चौकशी केली. तिचा वृत्तांत १९४३ सालीं प्रसिद्ध झाला. मक्याचें नवें संकरित बीं जुन्या बियापेक्षां निश्चित अधिक पीक देणारें होतें. तरी तें सर्वत्र रुळावयास १९२८ पासून १९४१ पर्यंतचा काळ लागला. अखेरीस दोघे वगळतां सर्वांनीं तें स्वीकारलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बियाची खबर पुष्कळांना प्रथम विक्रेत्यांकडून मिळाली होती. पण मन वळलें तें शेजाऱ्याच्या शब्दानें. शेजाऱ्यानें बीं स्वतः पेरलें होतें, कणीस हातांत घेतलें होतें. तेव्हां त्या शेतकऱ्यानें चार शेजाऱ्यांचें ऐकलें, त्या वेळीं त्याच्यापुढें चार साक्षी उभे होते. तो सावकाश चालला खरा, पण ठेंचाळला नाहीं.

आतां दुसरा प्रसंग पाहा. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें गांव आहे. मुलें पळविणाऱ्यांची टोळी आली आहे, असे संदेश २०१८ च्या उन्हाळ्यांत व्हॉट्सॲपवरून गांवोगांव फिरत होते. १ जुलै रोजीं, आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर गुजराण करणारे पांच जण तेथें आले. त्यांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें. जमावानें त्या पांचांनाहि ठार मारलें. त्या गर्दींतील कितीकांनीं तो संदेश अनेकांकडून ऐकला असेल. पण मूल पळवितांना पाहिलेला एकहि नव्हता. तोंडें अनेक होतीं, डोळे एकाचेहि नव्हते.

माझ्या मतें साऱ्या विषयाचें मर्म येथेंच आहे. चौघांचें ऐकून मत बनवावें, ही आपली जुनी रीत वाईट नव्हे. ज्या काळीं चौघे चार वाटांनीं चालून येत आणि आपापलें पाहिलेलें सांगत, त्या काळीं ती शहाणपणाचीच होती. परंतु चौघांनींहि एकच संदेश पुढें धाडला असेल, तर ते चार साक्षी नव्हेत. एकाच पत्राचे चार जासूद होत. वाहकांची संख्या कितीहि वाढली, तरी साक्ष त्यामुळें तिळभरहि वाढत नाहीं.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास मर्यादा घातली. पुढें एप्रिल २०२० मध्यें, अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असें केलें. त्यामुळें अशा संदेशांचा फैलाव शेंकडा ७० नें घटल्याचें कंपनीनें सांगितलें. पुढें धाडण्यास नुसता थोडा विलंब लागूं लागतांच एवढा फरक पडतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तोच विलंब आपण आपल्या घरींहि निर्माण करूं शकतों. कोणी भयाची किंवा चमत्काराची वार्ता सांगूं लागला, तर "कितीजण म्हणतात?" असें न विचारतां "तुम्हीं स्वतः पाहिलें काय?" एवढें विचारावें. वडीलधाऱ्यांनाहि विनयानें विचारतां येईल असा हा प्रश्न आहे. उत्तर "नाहीं" असें आलें, तर ती वार्ता निदान आपल्यापाशीं थांबवावी. सबंध जाळें आपल्या हातीं नाहीं. त्यांतील एक गांठ मात्र आपली आहे.